आपण वळलेला दोर

सरकारी दप्तरात ३६ वर्षे घालवून, आणि त्यांतील अखेरची काही वर्षे अव्वल कारकून या नात्याने परक्यांच्या जमिनींचे फेरफार, खातेफोडी व पीकपाहण्या तपासण्यात वेचून, मी जेव्हा माण तालुक्यातील आमच्या वाडीवर कायमच्या मुक्कामास आलो, तेव्हा ट्रंकेत कपड्यांच्या खाली एक जाड वही होती. आणि तीत आमच्या वडिलोपार्जित सहा एकरांच्या व त्यांवरील दावणीच्या पुनरुज्जीवनाची योजना मी कलमवार लिहून आणली होती. योजनेचा मथितार्थ असा की, ज्या घराने एके काळी मीठ, लोखंड आणि लग्नाचे कापड यांखेरीज बाजाराचे तोंड पाहिले नव्हते, त्या घराने पुन्हा तसेच व्हावे : नांगराला घरचे बैल, बैलांना घरच्या अंबाडीचे दोर, पांघरायला घरच्या मेंढ्यांच्या लोकरीचे घोंगडे, अंथरायला घरची वाकळ, आणि उंबऱ्याशी कोणाची उधारी नाही.

ही वही मी वहिनींना आषाढातल्या बेंदराच्या आदल्या दिवशी वाचून दाखवली. दादांच्या पश्चात गेली चौदा वर्षे घर, जमीन आणि जनावरे त्याच सांभाळीत आहेत. सातबाऱ्यावर नावे चौघांची असली तरी प्रत्यक्ष वहिवाट सर्वस्वी त्यांची आहे. त्यांनी सगळी कलमे शांतपणे ऐकली, मधे एकदा उठून कालवडीपुढची वैरण सारखी केली, आणि माझे वाचन संपल्यावर एवढेच विचारले, "भाऊजी, यात ‘आपण’ हा शब्द किती वेळा आला?"

मी तो मोजला नव्हता. पुढचे तीन दिवस आमच्यात जे बोलणे झाले ते या एका प्रश्नाभोवती फिरत राहिले. आणि ते लिहून ठेवावे असे मला वाटले, कारण ‘शेतीकडे परत चला’ असे सांगणारी माणसे हल्ली पुष्कळ आहेत, आणि त्यांतील बहुतेक माझ्यासारखी बाहेरून परतलेली आहेत. वहिनींची बोली माणदेशी आहे. येथे ती ग्रंथभाषेत उतरवली असली तरी युक्तिवाद अक्षरशः त्यांचाच आहे.

प्रथम जमिनीविषयी थोडे सांगितले पाहिजे. माण हा पर्जन्यछायेतला तालुका. त्याच सातारा जिल्ह्याच्या पश्चिम कडेला, महाबळेश्वर-पाटणकडे, ज्या दिवसांत आभाळ फाटल्यासारखे कोसळत असते त्या दिवसांत आमच्याकडे ढग नुसते माथ्यावरून निघून जातात. वर्षाचा पाऊस सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातलाही भरवशाचा म्हणावा असा तो परतीचाच. म्हणून आमचे खरे पीक रब्बीचा शाळू. सहा एकर तीन ठिकाणी विखुरलेले आहेत. तुकडेबंदीचा कायदा १९४७ सालीच झाला, पण आमच्या वाटण्या त्याच्याही आधीच्या. दावणीला काजळी खिलारांची एक जोडी, एक संकरित गाय आणि एक खिलार कालवड. घरामागे बाभळीच्या काट्यांच्या कुंपणात अकरा मेंढ्या आणि दोन शेळ्या. पहाटे साडेचारला वहिनी गोठ्यात जातात, शेण भरतात, गव्हाणीतला रात्रीचा चघळ काढून नवी वैरण टाकतात. तोवर सून धार काढून किटली भरते, कारण सातच्या आत दूध संकलन केंद्रावर पोचले नाही तर त्या वेळचे माप बुडते. शेणाचे तिथल्या तिथे दोन वाटे होतात, एक उकिरड्याला आणि एक शेण्या थापायला. हे सारे उरकून त्या चुलीपाशी येतात तेव्हा वाडीतल्या इतर घरांत नुकता उजेड झालेला असतो.

बैलांचे कलम पहिले होते, म्हणून आम्ही त्यापासून आरंभ केला.

"वहिनी, घरची जोडी दावणीला उभी असताना भाड्याच्या ट्रॅक्टरला वर्षाकाठी एवढे पैसे का मोजायचे?"

"जोडी उभी आहे, हेच तर दुखणे आहे. पाळी, पेरणी, कोळपणी, थोडी गाडी, सगळे धरले तरी वर्षातून साठ-सत्तर दिवसांचे काम. खायला मात्र ३६५ दिवस लागते. दोघांना दिवसाला दहा पेंढ्या कडबा धरा, म्हणजे वर्षाच्या साडेतीन हजारांवर गेल्या. आपल्या सगळ्या रानात चांगल्या साली निघतात त्या जवळजवळ तेवढ्याच. मग बैलांनी खाल्ले ते गाईसाठी विकत आणायचे, आणि तेही ज्येष्ठात, जेव्हा शेकड्याचा भाव सुगीच्या दुप्पट झालेला असतो."

"पण ट्रॅक्टरच्या पेरणीने शाळू साधत नाही, हे तुम्ही मान्य कराल. पाऊस उघडल्यावर वरची माती वाळत जाते आणि ओल खाली सरते. पाभरीच्या मागे चालणाऱ्याला चाड्यावरच्या हाताने कळते की फण ओलीला लागला की नाही. उंच बसलेल्या चालकाला ते कसे कळणार? बी कोरड्यात पडले तर मालदांडीसारखे कोरडवाहूला सोसणारे वाणही उगवत नाही."

यावर वहिनी बराच वेळ बोलल्या नाहीत. त्या स्वतः पंधरा वर्षे पाभरीमागे चालल्या आहेत. मग म्हणाल्या, "हे खरे आहे. दोन सालांपूर्वी खालच्या तुकड्यात यंत्राने पेरले, निम्मे रान नांगे राहिले. पेरणीला बैलच पाहिजेत. पण दोन पाहिजेत ते पेरणीला. दावणीला एक पुरेसा आहे. ओढ्यापलीकडच्या वस्तीवर एकच बैल आहे, त्यांनाही दुसरा परवडत नाही. सावड करू. तीन दिवस आपले रान, तीन दिवस त्यांचे. हरण्याला पौषात खरसुंडीच्या यात्रेत उभा करू. तरणा आहे, चांगल्या शेतकऱ्याच्या दावणीला जाईल. काजळ्या म्हातारा आहे, तो इथेच राहील."

सावड हा काही नवा शोध नव्हे. एकबैली शेतकऱ्यांनी परस्परांचे बैल जुंपून रान उरकण्याची ही रीत देशावर पूर्वापार आहे, आणि कुठे कुठे तिलाच वारंगुळा म्हणतात. माझ्या वहीत मात्र शेजाऱ्याला कलमच नव्हते. घर स्वयंपूर्ण व्हावे असे मी लिहिले होते आणि स्वयंपूर्णतेच्या कल्पनेत मी घराभोवती एक कुंपण गृहीत धरले होते. आमच्या मुलखात तसे कुंपण घालून कोणतेही घर कधी जगलेले नाही, हे मला त्या वेळी अर्धवटच उमगले. पुरते उमगले ते दुसऱ्या दिवशी, दोराच्या कलमाशी आल्यावर.

बेंदराचा दिवस होता. बैलांना ओढ्यावर नेऊन धुतले होते, शिंगांना हिंगूळ लावला होता, आणि नव्या वेसणी-कासऱ्यांसाठी वहिनींनी बाजारातून जे आणले होते ते सर्व पिवळ्या आणि निळ्या नायलॉनचे होते. गाईच्या मानेवर त्याच नायलॉनच्या दाव्याचा काच पडलेला मी पाहिला होता, म्हणून या कलमावर माझी बाजू भक्कम आहे अशी माझी समजूत होती.

"हा काच पाहा. जनावर बुजले की हा दोर कातड्यात शिरतो. अंबाडीचा दोर असा कापीत नाही."

"खरे आहे. मानेला नायलॉन नकोच, तिथे मी सुती दावे लावणार आहे."

"सुती तरी विकतच ना? त्यापेक्षा बांधाच्या कडेने अंबाडी लावू. फुलावर आली की कापू, ओढ्याच्या डोहात पंधरवडाभर कुजत घालू, वाख सोलून वाळवू, आणि आपण पूर्वी वळत होतो तसे घरी दोर वळू."

"आपण कधी वळत होतो, भाऊजी?"

"मी लहानपणी डोळ्यांनी पाहिले आहे. खळ्याजवळच्या चिंचेखाली वाख पसरलेला असे, एक जण पीळ देत मागे मागे सरकत जाई..."

"तुम्ही पाहिलेत. वळत कोण होते?"

येथे वाचकासाठी थोडे थांबले पाहिजे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गाव-गाडा’ लिहून बलुतेदारीचे जे चित्र नोंदवून ठेवले, ते ज्यांनी वाचले आहे त्यांना हे ठाऊक असेल की कुणब्याच्या घरातील जवळजवळ प्रत्येक वस्तू गावातील कोणा ना कोणाच्या हातून येत असे आणि त्याचा मोबदला सुगीत, खळ्यावर, धान्याच्या रूपाने दिला जाई. नांगर सुताराचा, फाळ लोहाराचा, मोट चांभाराची, उतरंड कुंभाराची, कणगी आणि सूप बुरुडाचे. आणि दोर मांगाचे. जनावराच्या नाकातल्या वेसणीपासून कासरा, दावे, म्होरकी, गाडीचा नाडा आणि मोटेचा जाडजूड सोल इथपर्यंत, शेतीत जे जे बांधायचे, ओढायचे आणि आवळायचे, ते सारे या समाजातील माणसांनी वळलेले असे. मी ३६ वर्षे महसुलाच्या नोंदी वाचल्या, वतनांची प्रकरणे हाताळली, हे सर्व मला माहीत होते; आणि तरीही माझ्या वहीत मी ‘आपण दोर वळत होतो’ असे लिहिले होते, कारण चिंच आमची होती, अंबाडी आमच्या बांधावरची होती, आणि बालपणीच्या स्मृतीत हात दिसत नाहीत, वस्तूच दिसतात.

वहिनींच्या स्मृतीत हात होते.

"मी या घरात आले १९७० साली. पहिली सुगी. मळणी झाली, वाऱ्यावर देऊन झाले, रास भरली. सगळे आपापला वाटा न्यायला आले होते. सुताराला मापाने दिले, लोहाराला दिले. दोर वळणारा म्हातारा खळ्याच्या कडेला, बाहेर उभा होता. वर्षभराचे दोर त्याचे. मामंजींनी रास आवरली आणि खळे झाडून जे निघाले ते मातेरे त्याच्या पदरात घातले. तो म्हणाला, ‘मालक, यात मातीच जास्त आहे.’ मामंजी म्हणाले, ‘पाखडून घे.’ मी तिथेच होते, भाऊजी. माझ्या हातात सूप होते. मी ते पुढे केले नाही."

बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज तेवढा येत होता. वडिलांविषयी असे ऐकण्याची मला सवय नव्हती, आणि माझ्या तोंडून जे निघाले ते अशा वेळी निघते तेच निघाले : तो काळाचा दोष होता, एकट्या माणसाचा नव्हे, शेजारच्या खळ्यांवरही तेच होत असे.

"काळाचा असेल," वहिनी म्हणाल्या. "पण मग दोरही काळाने वळला का? दोष काळाचा आणि दोर आपला, अशी वाटणी होत नाही."

याला माझ्याजवळ उत्तर नव्हते आणि आजही नाही. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाववतने नष्ट झाली. आमच्या वाडीतले बलुते मात्र पुढेही काही वर्षे रेंगाळले आणि १९७२ च्या दुष्काळात मोडले, कारण त्या वर्षी खळेच झाले नाही, आणि मालक, सुतार, दोर वळणारा अशी सगळीच माणसे दुष्काळी कामावर एकाच रांगेत खडी फोडायला बसली. वहिनीही बसल्या होत्या. सुकडी सगळ्यांना सारखीच मिळाली. त्यानंतर त्या म्हाताऱ्याच्या मुलाने वाख हातात धरला नाही. नातू आज वीजमंडळाच्या कामावर जिल्ह्याच्या गावी असतो.

"त्याला जाऊन सांगणार आहात का, की अंबाडी लावली आहे, ये आणि वळ?"

"नाही. मी स्वतः शिकेन."

वहिनींनी माझ्याकडे नीट पाहिले. "शिका. मनापासून सांगते. तुमचा पहिला दोर मी गाईच्या गळ्यात बांधीन. पण वहीत ‘पुन्हा’ लिहिले आहे ते खोडा. तुमच्यासाठी ते पुन्हा नाही, पहिल्यांदाच आहे."

मी ते खोडले.

मेंढ्यांच्या कलमावर मात्र मला थोडे जिंकता आले, निदान हरता हरता एक गोष्ट हाती राहिली. तिसऱ्या दिवशी कातरणी होती. कातरणारा मेंढपाळ शेजारच्या वाडीचा. त्याने मेंढी पायांत धरून, कातरी पोटाकडून पाठीकडे नेत, एकेक अंग असे उतरवले की काळी लोकर एका सलग पांघरुणासारखी खाली पडे. दख्खनी मेंढीची ही लोकर राठ, केसाळ आणि आखूड. वर्षातून दोनदा कातरली तरी एका मेंढीची वर्षाकाठी पाऊण किलोही भरत नाही. मऊ शालीला ती निरुपयोगी आहे. घोंगड्याला मात्र दुसरी चालत नाही, कारण तिच्या राठपणामुळेच पावसाचे पाणी वरच्या वर ओघळते आणि अंगाखाली घेतले तर ओल वर येत नाही.

"कातरायची मजुरी लोकरीच्या किमतीहून जास्त आहे," वहिनी म्हणाल्या. "कातरावे लागते ते जनावरासाठी. नाही कातरले तर पावसात भिजून जड होते, गोचीड धरते. लोकर पुष्कळ जण बांधावर टाकून देतात. मेंढी मी ठेवते ती लोकरीसाठी नाही, नडीसाठी. दवाखाना आला, फी आली, एक बोकड किंवा मेंढरू विकले की नड भागली. म्हणून तर सगळे जण माडग्याळी नर लावतात."

हे यथार्थ होते. जत तालुक्यातील माडग्याळची मेंढी उंच, बाकदार नाकाची आणि तांबूस-पांढऱ्या ठिपक्यांची. तिची कोकरे वजनाला भरतात, पण अंगावर विणण्याजोगी लोकर जवळजवळ नसते. शेजारच्या फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्थेने दुसरी वाट काढली : सुंदरबनाकडच्या लहानखुऱ्या गॅरोल मेंढीतला जुळी देण्याचा आनुवंशिक गुण दख्खनी मेंढीत उतरवून ‘नारी सुवर्णा’ तयार केली. वहिनींच्या अकरांत अशा दोन आहेत आणि त्यांच्यावर त्यांचा लोभ आहे, जरी दुष्काळी वर्षात एका आईच्या दुधावर दोन कोकरे जगवणे म्हणजे काय ते त्या बाटलीने दूध पाजून शिकल्या आहेत. मांसाला भाव आहे, लोकरीला नाही. तेव्हा कळपांचा काळा रंग वर्षानुवर्षे फिकट होत चालला आहे, यात मेंढपाळाचा अपराध काही नाही.

"तरीही," मी म्हणालो, "दुधावर इतका भरवसा ठेवू नका. दर दहा दिवसांनी दुधाचा पगार येतो, म्हणून सगळी वाडी संकरित गाईमागे लागली आहे. भाव पडला की सगळी वाडी एकदम पडते. आणि २०१२-१३ साली काय झाले ते तुम्ही मला पत्रातून कळवले होते."

त्या वर्षीचे वहिनी क्वचित बोलतात. त्या साली माण तालुक्यात जागोजाग चारा छावण्या उभ्या राहिल्या. घराला कुलूप लावून, गाई-बैल घेऊन, उघड्या माळावर पाल ठोकून त्या आणि दादा मागे राहिलेल्या दोन्ही कालवडींसह कित्येक महिने राहिले—

माझे लिहिणे येथे चुकले, कारण दादा त्याआधीच गेले होते. वहिनी एकट्याच राहिल्या होत्या, सुनेला घरी ठेवून. आठवणीत माणूस नसलेल्या ठिकाणीही उभा राहतो. ते वाक्य मी खोडत नाही.

"गाय वाळत गेली," त्या सांगू लागल्या. "मोजून मिळणारा ऊस आणि कडबा. दूध आटले ते आटलेच. खिलार कालवड मात्र तेवढ्यावरच उभी राहिली, डोळ्यांतले तेज गेले नाही. मेंढ्या मी मेंढपाळाच्या कळपात घालून कृष्णाकाठाला पाठवल्या होत्या. नऊ गेल्या, आठ परत आल्या, आणि पोटात कोकरे घेऊन आल्या. त्या वर्षी घरात पैसा आला तो मेंढ्यांचाच. म्हणून सांगते, हे तुमचे बरोबर आहे. एकाच जनावरावर घर टेकवू नये. गाय रोजच्यासाठी, मेंढी नडीसाठी, खिलार वाईट सालासाठी."

"आणि लोकर?"

"लोकर टाकू नये, एवढे माझेही मन म्हणते. पण चरखा आणि माग घरात आणायचे म्हणता ते होणार नाही. विणणे खेळ नाही. ते तुम्ही जाऊन पाहा, मग बोलू."

मी म्हसवडला गेलो. सिद्धनाथाचे हे गाव घोंगड्यांसाठीही फार जुन्या काळापासून ओळखले जाते, आणि विणकाम तेथे सणगर समाजाकडे आहे. ज्यांच्या घरी मी बसलो ते सत्तरीचे गृहस्थ अजून खड्ड्याच्या मागावर बसतात. त्यांनी मला सगळे दाखवले : लोकर धुऊन, विंचरून, धनुकलीने पिंजणे, चरख्यावर सूत काढणे, जे बहुतेक घरातल्या म्हाताऱ्या बायकांचे काम, मग ताणा अंगणभर ताणून त्याला चिंचोक्याची खळ देणे. चिंचोके भाजून, साले काढून, भिजवून, वाटून, शिजवून ही खळ होते आणि कुंच्याने ती सुतावर अशी फिरवावी लागते की प्रत्येक धागा ताठ व्हावा पण शेजारच्याला चिकटू नये. उन्हाचा तो एक प्रहर चुकला तर सगळा ताणा वाया. नंतर कमरेएवढ्या खड्ड्यात पाय सोडून दिवस दिवस बसणे. एका घोंगड्याला अडीच-तीन किलो लोकर लागते. कोकराच्या पहिल्या कातरणीची, म्हणजे जावळाची लोकर असेल तर ते अधिक मऊ आणि अधिक मोलाचे. त्यांचे मुलगे पुण्याला आहेत. मी त्यांना विचारले, हे काम पुढे कोण करणार? ते म्हणाले, लोकर आणणारा राहिला तर विणणारा राहील.

हे मी वहिनींना येऊन सांगितले. त्या वाकळ शिवीत होत्या. जुन्या लुगड्यांचे थर, आत दादांचे धोतर, वरून नऊवारीचा हिरवा काठ, आणि एका कडेने निघून दुसऱ्या कडेला पोचणारा बारीक धावदोरा. सून समोरून त्याच रांगेत शिवत येत होती. त्या दोघींचे हात पाहताना मला माझे शेवटचे कलम आठवले. वाकळ, सारवण, चूल घालणे, कणगीला शेणमातीचा लेप, या सर्वांना मी ‘फावल्या वेळातील गृहोद्योग’ असे शीर्षक दिले होते. आमच्या घरात खरोखर घरच्या हातांनी होणारे उद्योग एवढेच होते. बुरूड कणगी विणून देई आणि वहिनी ती लिंपीत, तेव्हा तीत धान्य राही. सगळ्या योजनेत ‘आपण’ हा शब्द निःशंकपणे वापरावा अशी जागा हीच होती, आणि तेथेच मी तो वापरला नव्हता.

"फावला वेळ कोणाचा, भाऊजी?" वहिनींनी मान वर न करता विचारले. "मी वाकळ शिवते कारण मला आवडते, आणि दुपारी दोन बायका जवळ येऊन बसतात. ते राहू द्या. शेण्या थापणे मात्र मला सोडायचे आहे. पन्नास वर्षे थापल्या. गोबर गॅसला एका घनमीटरला दिवसाचे २५ किलो शेण लागते म्हणतात. एक बैल विकला तरी तेवढे निघते. पंचायत समितीचा अर्ज, उतारे, दाखले हे माझ्याच्याने होत नाही. ते तुम्ही करा. एवढी वर्षे लोकांचे अर्ज तपासलेत, एक घरचा लिहा."

त्या संध्याकाळी मी वहीतली पहिली चौदा पाने बाजूला केली आणि नव्या पानावर अर्जाचा मसुदा लिहिला. अंबाडीचे बी मी पुढच्या हंगामासाठी मिळवून ठेवले आहे, बांधाच्या एका कडेपुरते. दोर वळायला कोण शिकवील याची चौकशी चालू आहे, आणि जो शिकवील त्याला त्याच्या दिवसाचा दाम मिळेल.

अकरा मेंढ्यांची काळी लोकर तीन किलो शंभर ग्रॅम भरली. वहिनींनी ती जुन्या लुगड्यात बांधून दिली आणि मी एस.टी.ने म्हसवडला पोचती केली. घोंगडे दिवाळीनंतर मिळेल. मजुरी वहिनींनी सांगितल्याप्रमाणे पुरी, रोख, आणि आधी दिली.